पागा, गोठा आणि माजघर

ज्या वाड्याच्या चौकात एका अंगाला घोड्याची पागा, दुसऱ्या अंगाला गाईबैलांचा गोठा आणि ओसरीपलीकडे माजघर अशी मांडणी असे, त्या वाड्यात माणसाचे औषध आणि जनावराचे औषध यांच्यामध्ये फारशी उंच भिंत नसे. तान्ह्या मुलाच्या पोटदुखीवर जी सुंठ सहाणेवर दोन वळसे उगाळली जाई, तीच मूठभर कुटून गुळातून बैलाला चारली जाई, आणि घोड्याच्या पोटशुळावर हिंग-ओवा देण्यापूर्वी मोतद्दार घरातल्या म्हातारीचा सल्ला घेतल्यावाचून राहत नसे. या एकत्र वैद्यकाची आरती ओवाळणारे आजही पुष्कळ आहेत आणि त्याची टवाळी करणारेही कमी नाहीत. परंतु दोन्ही पक्षांचे लक्ष औषधांकडेच लागलेले असल्यामुळे, या तीन स्थळांपैकी एका स्थळी जी शिस्त होती ती उरलेल्या दोहोंत का शिरली नाही, हा विचारण्याजोगा प्रश्न बाजूलाच राहतो. ती शिस्त पागेत होती. घोडा महाग, बहुधा सरकारचा, आणि तो दगावला तर जबाब देणे प्राप्त. म्हणून त्याच्या दाण्याला माप होते, वैरणीला हिशेब होता आणि नालबंदीची नोंद दप्तरात होती. गाईचे आणि मुलाचे मात्र अंदाजाने चाले. ज्यांच्या घरी घोडा नाही व होण्याचा संभवही नाही अशा वाचकांनी हे प्रकरण गाळू नये ते याच कारणाने. पागेतली मोजण्याची सवय गोठ्यात आणि माजघरात कशी नेता येईल, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था वर्णिली आहे, तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार नेमून त्या पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद तैनात केल्याचा उल्लेख येतो. पाणी आणणारा आणि खूर पाहणारा या दोघांना इतके मानाचे स्थान मिळावे यातच घोड्याच्या आरोग्याचे अर्धे मर्म आले. महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात धाडलेले पत्र तर पशुपालनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या आरंभी छापण्याच्या योग्यतेचे आहे. पावसाळ्यासाठी साठविलेले दाणा-गवत आधीच मन मानेल तसे उधळले तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपासाने मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल; रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवत पेटेल; अशा बारकाव्यांनी ते पत्र भरलेले आहे. राज्याच्या धन्याला उंदराने ओढलेल्या वातीचा विचार सुचतो, आणि आमच्या सुशिक्षित गृहस्थाला घरातील औषधाची बाटली मुलाच्या हाताबाहेर ठेवण्याचे सुचत नाही, हा फरक बुद्धीचा खास नव्हे.

घोड्याच्या शरीराची रचना ध्यानात घेतली म्हणजे पागेतील पुष्कळशा नियमांचे कारण आपोआप उलगडते. पूर्ण वाढलेल्या घोड्याचे जठर देहाच्या मानाने फार लहान, सुमारे आठ ते पंधरा लिटरांचे असते. उलट त्याचे मोठे आतडे शंभर लिटरांहून अधिक माल सामावून घेते आणि चाऱ्याचे खरे पचन, सूक्ष्म जंतूंच्या साह्याने, तेथेच चालते. जठराच्या मुखाशी असलेला स्नायू इतका बळकट, की घोड्याला वांती होत नाही. म्हणजे जे अपथ्य आत गेले ते परत येण्याचा मार्ग बंद. यास्तव चंदीचा तोबरा एका वेळी ओतून मोकळे होण्याची घाई त्याला सोसत नाही. दाणा दिवसातून तीन-चार वेळा विभागून, पाणी दाण्याच्या आधी, वैरण जवळजवळ अखंड, आणि हरभऱ्यावरून दुसऱ्या दाण्यावर जावयाचे तर आठ-दहा दिवसांत हळूहळू, ही जुन्या मोतद्दारांची रीत आजच्या पशुवैद्यकालाही मान्य आहे. रात्री दोर सुटून घोड्याने पोत्यात तोंड घातले आणि सकाळी तो पुढचे पाय लांब टाकून, भार मागे घेऊन उभा दिसला, खूर हाताला गरम लागले, तर ती नुसती बदहजमी समजू नये. खुराच्या आतील नाजूक थराला सूज येऊन घोडा कायमचा निकामी होण्याचा तो प्रारंभ असतो, आणि तेथे तासांचा हिशेब असतो.

पोटशूळ हा घोड्याचा सर्वांत भयंकर वैरी. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहतो, बसतो, उठतो, लोळतो, घाम फुटतो आणि लीद बंद होते. अशा वेळी पुढ्यातील दाणा-वैरण काढून घ्यावी, घोडा लोळून स्वतःला जखमा करीत असेल तर सपाट जागी हळूहळू चालवावा, केव्हापासून काय दिसले ते लिहून ठेवावे आणि वैद्याला तत्काळ बोलवावे. देशी दारू, हिंग, गरम तेल यांचे मिश्रण बांबूच्या नळकांड्याने घशात ओतण्याची जुनी चाल मात्र सोडून द्यावी. वेदनेने तडफडणाऱ्या जनावराची मान उंच करून ओतलेले औषध पोटाऐवजी फुप्फुसात उतरते, आणि मग शूळातून वाचलेला घोडा न्यूमोनियाने जातो. हीच गोष्ट बैलाची, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालणाऱ्या दयाळू शेजाऱ्याचीही.

खुराची भिंत महिन्याकाठी सुमारे आठ-दहा मिलिमीटर वाढते, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून खूर कापून पुन्हा नाल मारावे लागतात. तळव्याच्या मधल्या मऊ त्रिकोणी भागात चिखल-लीद साचून काळी दुर्गंधी घाण वाहू लागली म्हणजे ठाण ओले राहते आहे असे खुशाल समजावे. बैलाच्या दुभंगलेल्या खुराला पत्री मारतात, तेथेही नियम हाच. खराऱ्याविषयी मात्र थोडे अधिक सांगितले पाहिजे. खरारा केल्याने अंगावर तकाकी येते एवढेच सामान्य लोकांस ठाऊक असते. वस्तुतः खरारा ही रोजची तपासणी आहे. ज्याचा हात नित्य मानेपासून खुरापर्यंत फिरतो त्याला खोगिराखालची सुजलेली जागा, तंगाने झालेला घट्टा, गोचीड किंवा पायातील उष्णता, हे सर्व घोडा लंगडण्यापूर्वीच कळते. माथेरानला, जेथे मोटारींना मज्जाव असल्यामुळे माणसांची व ओझ्याची वाहतूक आजही बरीचशी घोड्यांवर चालते, तेथे घोडा निवडताना रंगावर न जाता खोगीर काढावयास सांगून पाठ पाहावी. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या बाजारात दात पाहणारे पुष्कळ भेटतील, परंतु पाठ आणि खूर पाहणारे थोडे.

आता मोजण्याकडे वळू. निरोगी मोठ्या घोड्याची नाडी विसाव्याच्या वेळी मिनिटाला साधारण २८ ते ४४ ठोके देते व ती खालच्या जबड्याच्या कडेवरून जाणाऱ्या रक्तवाहिनीवर बोट ठेवून मोजता येते. श्वास ८ ते १६, आणि गुदद्वारात धरलेल्या तापमापीवर उष्णता ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट. गाईची उष्णता याहून थोडी अधिक, १०१ ते १०२ अंशांच्या आसपास. तिच्या डाव्या भकाळीवर मूठ दाबून ठेवली तर दोन मिनिटांत दोन-चार वेळा कोठीपोटाची लाट हाताला उचलते, आणि ज्या गाईची ही लाट थांबली, रवंथ थांबला व नाकपुडी कोरडी पडली ती आजारी आहे हे सांगावयास वैद्य लागत नाही. माजघरातील आकडेही असेच पाठ असावेत. खोकणारे मूल शांत असताना त्याचा श्वास पुरे एक मिनिट मोजावा. दोन महिन्यांच्या आतील बालकाचा श्वास साठ वा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास वा अधिक, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस वा अधिक भरला, किंवा श्वासागणिक छातीचा खालचा भाग आत ओढला जाऊ लागला, तर तो काढ्याचा विषय उरत नाही. ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने खेड्यातील आरोग्यसेविकांसाठी आखली आहे आणि तिला घड्याळाच्या काट्याखेरीज कोणतेही उपकरण लागत नाही. हे आकडे निरोगी दिवशी मोजून ठेवावे. आजाराच्या रात्री प्रथमच मोजावयास बसणाऱ्याला तुलना कशाशी करावी हेच कळत नाही.

गोठ्यातील आकस्मिक संकटांत पोटफुगी अग्रगण्य. कोवळा, दवाने भिजलेला लसूणघास उपाशी जनावराने भरपेट खाल्ला की डावी भकाळी ढोलासारखी तट्ट होते, आणि फुगलेले पोट फुप्फुसांवर दाबल्याने जनावर गुदमरते. वैद्य येईपर्यंत जनावर पुढचे पाय उंचावर येतील असे उभे करावे, आणि तोंडात आडवी काठी बांधावी, म्हणजे ते चघळत राहते व वायू सुटतो. पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी त्याहून घातक; तिच्यात हायड्रोसायनिक आम्लाचे विष उत्पन्न होते आणि जनावर बांधावरच कोसळते. लाळ्या-खुरकुतात तोंड तुरटीच्या पाण्याने आणि खूर सौम्य मोरचुदाच्या पाण्याने धुऊन कण्यांची पातळ आंबील द्यावी, पण त्याची खरी तजवीज सहा महिन्यांनी द्यावयाची लस हीच. गाईम्हशींच्या घटसर्पाची लस पावसाळ्यापूर्वी; मुलांच्या त्याच नावाच्या रोगाशी याचा संबंध नाही. जनावर एकाएकी मरून नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त आले तर ती फाशी असण्याचा संशय धरून मृतदेह फाडू नये, कातडे काढू नये. त्या जंतूंचे बीज मातीत अनेक दशके जिवंत राहते व कातडे सोलणाऱ्याच्या हातावर काळपुळी उठवते.

लसीने काय होऊ शकते याचे सर्वांत मोठे उदाहरण बुळकांडीचे. गावेच्या गावे बैलांविना करणाऱ्या या रोगाच्या चिंतेतूनच सरकारने १८८९ साली पुण्यास जंतुशास्त्राची प्रयोगशाळा उघडली, जी १८९३ मध्ये कुमाऊँतील मुक्तेश्वरला हलली व पुढे भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था झाली. २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये सारे जग. देवीनंतर मनुष्याने समूळ नाहीसा केलेला हा दुसराच रोग, आणि तो गोठ्यातला. परंतु आमच्या वर्तमानपत्रांना त्याची बातमी चार ओळींहून मोठी वाटली नाही.

वासराच्या पहिल्या दिवसाविषयी येथे एक तक्रार नोंदवितो. गाय, म्हैस, घोडी यांच्या गर्भाला मातेच्या रक्तातून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती सर्व चिकातून मिळावयाची असतात, आणि वासराचे आतडे ती शोषून घेते ते फक्त पहिल्या चोवीस तासांत, त्यातही पहिल्या काही घटकांत सर्वांत उत्तम. वासराच्या वजनाच्या दशमांश इतका चीक पहिल्या दिवशी त्याच्या पोटात गेला पाहिजे. अशा स्थितीत पहिल्याच धारेचे भांडे शेजारीपाजारी खरवसासाठी वाटून टाकणारे गृहस्थ वासराची ठेव वाटून टाकतात. खरवस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या चिकाचाही होतो. माजघरात याच्या उलट चूक होई. बाळंतिणीचा पिवळसर चीक जड म्हणून पिळून टाकून तान्ह्याला मध चाटविले जाई. आणि वर्षाच्या आतील मुलाला मध देणे हे तर, त्यातील जंतूंच्या बीजामुळे, क्वचित प्रसंगी प्राणावर बेतते.

धनुर्वाताची कथा या तिन्ही स्थळांना जोडणारी आहे. त्याचे जंतू घोड्याच्या व गुरांच्या आतड्यात निरुपद्रवीपणे राहतात, शेणालिदेबरोबर मातीत उतरतात, आणि जखमेत शिरले म्हणजे विष उत्पन्न करतात. पाळीव जनावरांत या विषाला सर्वाधिक बळी पडणारा घोडाच. कान ताठ, शेपूट उचललेली, जबडा बंद आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पडदा पुढे आलेला, असा घोडा ज्याने पाहिला तो पायातील खिळ्याची हयगय पुन्हा करणार नाही. आणि याच शेणाची पूड कित्येक घरांतून नवजात अर्भकाच्या कापलेल्या नाळेवर पवित्र म्हणून दाबली जाई. सुमारे आठवड्याने मूल दूध ओढीनासे झाले व आचके देऊ लागले की ती सटवीची बाधा ठरे. गर्भवतीला लस, स्वच्छ पाते आणि नाळेवर काहीही न लावणे, या तीन साध्या गोष्टींनी हा मृत्यू टळतो. २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य झाले. गोठ्यातून घरात येणारा दुसरा पाहुणा म्हणजे सांसर्गिक गर्भपाताचा रोग. गाय दिवस भरण्यापूर्वी गाभडली आणि जार अडकला तर उघड्या हातांनी तो ओढू नये व तिचे दूध कच्चे पिऊ नये; महिनोन्‌महिने चढउतरणारा ताप आणि सांधेदुखी घेऊन हिंडणाऱ्या कित्येक गवळ्यांच्या दुखण्याचे मूळ येथे असते. दूध उकळण्याची आपली चाल या एका बाबतीत शंभर औषधांच्या तोडीची आहे.

उलट दिशेने, माजघरातून गोठ्यात गेलेल्या औषधाने कसा अनर्थ केला तेही ऐकण्यासारखे आहे. डायक्लोफिनॅक हे माणसांच्या सांधेदुखीवरील वेदनाशामक स्वस्त म्हणून गुरांना सर्रास टोचले जाऊ लागले. अशी गुरे मेली की गिधाडे त्यांचे मांस खात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन तीही मरत. कारण उमगले २००४ मध्ये, तोपर्यंत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी बहुतेक सर्व नाहीशी झाली होती. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, परंतु माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या म्हणून २०१५ मध्ये बाटलीचे माप तीन मिलिलिटरांवर आणावे लागले. तात्पर्य, डोस वजनाने काढता येतो, पण प्राणिमात्रांचे यकृत व मूत्रपिंड एकसारखे नसते.

तरीही जनावरांचे आपल्यावरचे ऋण मोठे आहे. गाईच्या आचळांवरील देवीपासून निघालेली लस बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने हातोहात मुंबईस पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. हिंदुस्थानातील ती पहिली. घोड्याचे ऋण त्याहून निकटचे. घटसर्पाने गुदमरणाऱ्या मुलांना १८९४ पासून घोड्याच्या रक्तद्रवाने जीवदान मिळू लागले, आणि आज नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या दंशावर रुग्णालयात जे औषध शिरेतून देतात तेही घोड्याला थोडेथोडे विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिद्रव्यांचेच बनते. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्रात घरोघर झाले ते बरेचसे यामुळे. हे औषध घोड्याचे प्रथिन असल्याने काहींना त्याची तीव्र प्रतिक्रिया येते, म्हणून ते रुग्णालयातच घ्यावयाचे. वाटेत चिरा देणे, रक्त चोखणे, दोरीने करकचून आवळणे यांपैकी काहीही करू नये. अंगठी-बांगडी काढावी, दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला न चालविता न्यावे.

शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’सारखे ग्रंथ ज्या घरांत पोथीच्या मानाने ठेवले जात, तेथील बटव्यात सुंठ, ओवा, वावडिंग, जायफळ, मुरडशेंग, बाळहिरडा ही मंडळी असत, आणि खोकला, अपचन, साधी सर्दी एवढ्यापुरती ती आजही नांदावीत. पण त्याच बटव्यात अफूची बाळगोळीही असे, जी चाटवून मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया मुलांना दिवसभर निजवीत. आणि पोट फुगलेल्या अर्भकाला तापल्या लोखंडाचे चटके देण्याची रीत, जी बैलाला डाग देण्याहून निराळी नाही, मेळघाटात अलीकडेपर्यंत टिकून राहिली. बैलाचे लंगडेपण डागाने जात नाही व मुलाचा न्यूमोनियाही जात नाही. हगवणीत मूल आणि वासरू दोघेही जुलाबाने मरत नसून अंगातील पाणी आटून मरतात. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, घोटघोट पाजत राहावे आणि ते मिश्रण चोवीस तासांनी टाकून द्यावे. मीठ अंदाजाने चिमटीत घेऊ नये. डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसू लागली, मूल पिईनासे झाले, तर वाट पाहू नये.

एक वही घ्यावी आणि तिची तीन पाने करावी. पहिल्या पानावर घोडा किंवा बैल असेल तर त्याचा दाणा, नालाची किंवा पत्रीची तारीख, धनुर्वाताची लस. दुसऱ्यावर गाय फळल्याची तारीख, घटसर्पाची व लाळ्या-खुरकुताची लस, प्रतिजैविक टोचले असल्यास दूध किती दिवस घरात घ्यावयाचे नाही तो आकडा. तिसऱ्यावर मुलांच्या लसी, वजन आणि निरोगी दिवशीचा श्वास. वहीच्या वेष्टणावर दोन क्रमांक ठळक अक्षरांत लिहावे: माणसांच्या रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२. दोन्ही बिनपैशाचे आहेत, आणि आज संध्याकाळी लिहून ठेवण्यासारखे आहेत.